निळ्या तळव्यांची सभा

"नीळ मीच टाकनार!"

"हट्! मागच्या खेपेला बी तूच टाकली व्हतीस. आता माझा नंबर!"

"सरपंच, ह्या ओम्याला सांगा, न्हाईतर मी चावन हां!"

ही शेवटची धमकी निकिताची. ती पोकळ नव्हती. निकिताला बालगृहात आणून सोडलं तेव्हा आणणाऱ्या हवालदाराच्या मनगटावर तिचे वरचे आणि खालचे, दोन्ही दात उमटलेले होते.

हौदाभोवती सगळी पोरं जमली होती. हौदात सेलूच्या देणगीदार शेठजींनी पाठवलेल्या नव्याकोऱ्या पांढऱ्या चादरी भिजत होत्या. साबणाचं काम कुणालाच नको होतं, पिळायचं तर त्याहून नको. पण पाण्यात नीळ सोडायची, ती गरगर फिरताना बघायची, हा मान मात्र प्रत्येकाला हवा होता!

जिंतूरहून येलदरीला जाणाऱ्या रस्त्याला हे 'उषःकाल बालगृह'. घरून पळालेली, शाळेनं काढलेली, ज्यांचे आईबाप दसरा झाला की कोयते घेऊन ऊसतोडीला जातात आणि मागे सांभाळायला कुणी नसतं अशी, शिवाय ज्यांनी खरंच काहीतरी करून ठेवलंय अशी, सगळी इथंच. दिवाळीच्या सुट्टीत ज्यांना घर होतं ती घरी गेली. बाकीची उरली.

बालगृहाचे अधीक्षक व्यंकटराव सर. त्यांनी भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवून घेतलं होतं, 'इथे तुमचंच राज्य!' मुलांची बालसभा होती. सभेचा सरपंच होता, पाणीमंत्री, कोठीमंत्री, भांडीमंत्री होते. सायकलचं एक जुनं चाक भिंतीला ठोकलं होतं आणि त्याच्या आऱ्यांना झाडलोट, संडास, पोळ्या, धुणं अशा पत्र्याच्या पट्ट्या. सोमवारी चाक फिरवायचं, आपल्यासमोर जी पट्टी थांबेल ते आठवडाभराचं काम.

राज्य मुलांचं म्हटल्यावर मोठ्यांना काम कसं उरणार? चांगुणाबाई स्वयंपाकीण सुट्टीवर गेली, तिच्या जागी राज्य आलं. झाडूवाला गेला, तिथंही राज्य आलं. सर व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून राज्यकारभारावर लक्ष ठेवायचे. बहुतेक वेळ डोळे मिटून.

"ए, गप बसा!" सरपंच ज्ञानेश्वरी ओरडली. ती नववीत होती. अंगाला हळद लागलेली असताना मांडवातून उठून थेट पोलीस ठाण्यात गेलेली मुलगी, तिचं सगळे ऐकायचे. "सभेत काय ठरलंय? कामाचा मान सगळ्यांना सारखा! मंग परत्येकानं एकेक टोपन टाकायचं. इन्साफ म्हंजे इन्साफ!"

रांग लागली. एकेकानं टोपण टाकलं. आपलं टोपण आधीच्यापेक्षा कमी भरलं असं प्रत्येकाला वाटलं, म्हणून प्रत्येकानं थोडं जास्तच भरलं. ओमप्रकाश टोपण टाकून पुन्हा रांगेच्या शेपटीला जाऊन उभा राहिला आणि विचारल्यावर म्हणाला, "माझा जुळा भाऊ व्हता तो!"

लोकशाही पूर्ण झाली तेव्हा हौदात पाणी नव्हतं, शाई होती.

चादरी दोरीवर चढल्या. येलदरीच्या धरणावरचं आभाळ फाडून वाळत घातल्यासारखं दिसत होतं. धुणाऱ्या प्रत्येकाचे तळवे मनगटापर्यंत निळे झाले होते.

"मेलो!" ओमप्रकाश कुजबुजला. वाळलेल्या चादरीवर त्यानं थुंकी लावलेला अंगठा घासला. अंगठा निळाशार! "ओलं लागलं की रंग सुटायलाय बे!"

"सरांना सांगायचं न्हाई," ज्ञानेश्वरी घाईनं म्हणाली. "सहल जाईल."

सहल म्हणजे येलदरीची. धरण, होडी आणि तळलेले मासे. जिल्ह्याच्या ऑफिसातून मॅडम पाहणीला येणार होत्या. ती चांगली झाली तर नेतो, असं सरांनी कबूल केलं होतं.

तेवढ्यात सर आलेच! चादरी बघून त्यांचे डोळे पूर्ण उघडले.

"वा वा वा! शेठजींनी आकाशी रंगाच्या पाठवल्यात की! पाव्हण्यांना लय आवडतील!"

"कोनते पाव्हणे, सर?" अपेक्षानं विचारलं. ती दुसरीत होती, तिला अजून प्रश्न विचारायची सवय होती.

"आं? अगं, मॅडम! पाहणीच्या मॅडम! आन् तुमचे हात कामून निळे?"

"रांगोळी, सर!" ओमप्रकाश म्हणाला. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यांच्या उपयोगी पडलेलं पहिलं खोटं.

धुण्यात फक्त दोघं नव्हते. लहान म्हणून अपेक्षा, आणि तिचा मोठा भाऊ बजरंग. तो कोठीमंत्री होता. एकदा त्यानं कुणाचा तरी उभा ट्रॅक्टर चालू करून भलत्याच्याच विहिरीत घातला होता. तेव्हापासून तो कमी बोलायचा आणि कोठीची चावी गळ्यात घालून हिंडायचा. अंघोळीलासुद्धा काढायचा नाही. पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या हातात कशाची तरी चावी दिली होती. त्यानं चादरी मोजून घेतल्या, रचल्या आणि कुलूप लावून दोनदा ओढून बघितलं.

*

दोन दिवसांनी सकाळी शेठजींचा माणूस लाडवांचा डबा घेऊन सेलूहून आला.

"चादरी आवडल्या का पोरांनो? एक फोटू काढून द्या शेठजींना."

"काढू की!" ओमप्रकाश म्हणाला. "बजरंग, खोल कोठी!"

सर आतून "थांबा, थांबा, नंतर!" असं ओरडत आले. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी पँट, खिशाला अत्तराचा फाया. पण कोठी उघडून झाली होती.

आत गव्हाची पोती होती. तेलाचा डबा होता. चादरी नव्हत्या!

शेठजींचा माणूस सरांकडं बघायला लागला. सरांच्या कपाळावर घाम आला. मग त्यांना एकदम सुचलं.

"चोरी!" सर गरजले. "बजरंग! चावी कुनाजवळ?"

"माझ्याजवळ, सर."

"कुलूप तुटलंय?"

"न्हाई, सर."

"दुसरी चावी हाय का ह्या कुलपाला? न्हाई! मंग चोर कोन?"

"सर, मी…"

"मला सांगू नको! इथं माझं राज्य न्हाई. तुमचं हाय! बालसभा भरवा, आत्ताच्या आत्ता! मला मीटिंगला जायचंय."

सभा भरली. सर खुर्चीत बसले, एक डोळा घड्याळावर. म्हणाले, "मी मधे पडनार न्हाई. तुमचा निर्णय तुमी घ्या. उद्या मॅडम येनारेत. चोर सापडलेला असंल तर पाहणी झकास हुईल. पाहणी झकास झाली की येलदरी. न्हाईतर काय? सगळ्यांचीच चौकशी. कुनी कुनी मागं काय काय केलंय, सगळं परत निघंल. बघा बुवा. राज्य तुमचं हाय."

सरांनी घड्याळ बघितलं.

"बजरंगला दुसऱ्या जिल्ह्यातल्या बालगृहात धाडावं, असं ज्यांना वाटतंय त्यांनी हात वर करा. सरपंच, तू बोल."

ज्ञानेश्वरी उठून उभी राहिली. "बजरंगला… धाडावं असं वाटतंय… त्यांनी हात वर करा."

"आन् मी?" अपेक्षानं विचारलं. "मी बी जानार ना दादासंगं?"

"तू लहान हाईस. तू इथंच," सर म्हणाले.

सर एकेका तोंडाकडं बघत होते. एक हात वर गेला. मग दुसरा. मग भराभर. निकिताचा गेला. बजरंगच्या शेजारी झोपणाऱ्या, त्याच्या वाटचा रस्सा पिणाऱ्या ओमप्रकाशचाही गेला. सगळे तळवे निळे! सगळ्यात शेवटी सरपंचाचा गेला.

खाली राहिले ते दोनच जणांचे हात. बजरंगचे आणि अपेक्षाचे. अपेक्षानं आपले हात दादाच्या सदऱ्यात खुपसून ठेवले होते.

"शाब्बास! हीच खरी लोकशाही!" सर म्हणाले आणि फटफटीला किक मारून मीटिंगला गेले.

*

दुपारी दळणाची पाळी ज्ञानेश्वरी आणि ओमप्रकाशची होती. डबे डोक्यावर घेऊन दोघं गावातल्या गिरणीकडं निघाले.

"तू कामून हात वर केलास?" ज्ञानेश्वरी म्हणाली.

"तू करनार हाईस असं वाटलं म्हनून. तू कामून केलास?"

"सर बघायलेत म्हनून."

"मला तर वाटलं व्हतं, तू तरी न्हाई करनार. मांडवातून पळाली व्हतीस म्हनं."

ज्ञानेश्वरीनं डबा खाली ठेवला. ती त्याला फाडकन काहीतरी बोलणार होती, पण तिची नजर स्टँडवर गेली आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

जीपमध्ये एक आजोबा चढत होते. पांढरं शुभ्र धोतर, पांढरा नेहरू शर्ट, डोक्याला फेटा. आणि धोतराला मागून, बरोब्बर बसायच्या जागी, दोन गोल निळे डाग!

"आबा, मागं काय लागलंय?" गिरणीवाला ओरडला.

"कुठं?" आजोबा स्वतःभोवती फिरले. त्यांना काही दिसलं नाही. त्यांच्यामागून दुसरे आले. तेही तसेच! तिसरे मांडी घालून बसले असावेत, कारण त्यांच्या गुडघ्यांनाही निळाई होती.

ओमप्रकाशनं ज्ञानेश्वरीचं मनगट धरलं आणि तिचा तळवा उलटा केला. तोच निळा रंग!

"आबा, कुठून आलाव?" त्यानं एकदम गोड आवाजात विचारलं.

"साखरपुड्याहून, बाबा. व्यंकटरावांच्या पुतनीचा. मळ्यात व्हता, ओढ्याच्या पल्याड. बैठक लय भारी केली व्हती, आकाशी चादरी! जरा दव पडलं व्हतं, पन बसलो."

दळण गिरणीतच राहिलं. दोघं ओढ्याकडं पळत सुटले!

मळ्यात मांडव होता. जेवणं उरकून पंगत उठली होती. रात्रभर दव पिऊन ओल्या झालेल्या चादरी अंथरलेल्या होत्या आणि त्यांच्यावर मठ्ठा, भात, जिलेबी सांडलेली. चादरींच्या ढिगावर गाल टेकून बालगृहाचा वॉचमन सितारामकाका घोरत होता. कूस बदलायला तो वळला तेव्हा त्याचा डावा गाल निळाजर्द दिसला. कमरेच्या करगोट्याला एक चावी लोंबत होती.

"कोठीची!" ज्ञानेश्वरी कुजबुजली. "अगदी बजरंगच्या चावीसारखी!"

"उठवू का ह्याला? दोन लावू?"

"गप. आपलं कोन ऐकनार? तो वॉचमन, ते सर, आपुन…" तिनं वाक्य सोडून दिलं. आपण कोण, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

संध्याकाळी सितारामकाका बालगृहात आला तो तोंडाला उपरणं गुंडाळूनच. "दाढ दुखायलीय रे," एवढंच म्हणाला. सरांनी कपडे बदलले होते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चमत्कार झाला! सितारामकाकाला कडब्याच्या गंजीत सगळ्या चादरी 'सापडल्या'.

"बजरंगनंच दडवल्या व्हत्या," सर म्हणाले. "चला, पटापट अंथरा. मॅडम येतीलच."

*

स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता ज्ञानेश्वरीनं सगळ्यांना सगळं सांगितलं. लाटणी थांबली.

"मॅडमला सांगू की मंग," कुणीतरी म्हणालं.

"सांगितलं तर ऐकतील?" ज्ञानेश्वरी म्हणाली.

"न्हाई," निकिता पोळी उलटत म्हणाली. "माझं कुनी ऐकलं असतं तर मी हवालदाराला चावले असते का? मॅडमला ओल्यावर बसवा. साडी खराब झाली की ऐकतील."

सगळे तिच्याकडं बघत राहिले.

"बैठकीची पट्टी ह्या आठवड्यात कुनाकडं हाय?" ज्ञानेश्वरीनं विचारलं.

"आपल्याकडंच!" ओमप्रकाश म्हणाला आणि कळशी उचलली.

*

राजेश्री मॅडम आल्या. पांढरी साडी, निळे काठ, चेहऱ्यावर कौतुक. सोबत एक डॉक्टर, एक फोटोवाला. त्यांच्या आणि सरांच्या खुर्चीवर आकाशी चादरी घड्या घालून पसरल्या होत्या. घड्यांच्या पोटात पाणी होतं, वरून जेमतेम दमट लागायचं.

"जरा गार लागतंय," मॅडम बसत म्हणाल्या.

"थंडी पडायलीय ना, मॅडम!" ओमप्रकाश म्हणाला.

सरांनी भाषण केलं. आमच्याकडं सगळं मुलंच करतात, मुलं हीच मालक. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. चाक बघून 'अय्या' म्हणाल्या. मग सरांनी कागद पुढं केला. बजरंगला हलवायचा. बालसभेनं स्वतः ठरवलेलं, एकमतानं!

"किती प्रगल्भ!" मॅडम म्हणाल्या. कागद वाचला नाही. बजरंग भिंतीशी उभा होता, शेजारी पत्र्याची छोटी पेटी. पेटीच्या कडीला अपेक्षानं आपल्या वेणीची रिबन बांधली होती, घट्ट, दुसरं टोक स्वतःच्या हाताला. मॅडमनी त्यांच्याकडं बघितलंही नाही. पेनाचं टोपण काढलं.

"थांबा, मॅडम!" ज्ञानेश्वरी पुढं आली. "आमच्या सभेचा नियम हाय. सही उभं राहून करायची."

असा नियम नव्हता. तो तिनं त्याच घटकेला केला होता.

"कित्ती गोड!" मॅडम म्हणाल्या. "ए, फोटो घे हं!" आणि त्या हसत उभ्या राहिल्या, सही करायला वाकल्या.

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. खोकला.

"काय झालं?"

"मॅडम… मागं…"

मॅडमनी हात मागं नेला. हात पुढं आणला. हात निळा! त्या किंचाळल्या. बजरंगला परजिल्ह्यात पाठवताना त्यांचा हात थांबला नव्हता. आता थांबला.

"माझी साडी! हा कसला रंग आहे? कुणी केलं हे?"

"आमी केलं, मॅडम," ज्ञानेश्वरी म्हणाली. "चादरी आकाशी नव्हत्याच. पांढऱ्या व्हत्या. धुताना नीळ लय झाली. ओलं लागलं की सुटती. हे बगा." तिनं दोन्ही हात पुढं केले. मागोमाग सगळ्यांनी केले. "जो ह्या चादरींवर बसतो न्हाईतर झोपतो, त्याला ती लागती."

"काहीतरी बरळू नको!" सर ताडकन उठले. त्यांची पँटही मागून आकाशी झाली होती, पण ते त्यांना कुणी सांगितलं नाही.

"सितारामकाकाला चादरी आज सकाळी सापडल्या म्हनं," ज्ञानेश्वरी बोलतच राहिली. "पन त्यांची दाढ कालपासूनच दुखायलीय. डाक्टरसाहेब, त्यांची दाढ बगा ना!"

"काय गरज न्हाई!" सितारामकाका दाराकडं सरकला. दारात निकिता उभी होती. तिनं नुसते दात दाखवले. तो परत आला.

डॉक्टरांनी उपरणं सोडलं. गाल निळाजर्द!

"जन्मखून हाय, साहेब!"

"काल दुपारी जन्मलाव का, काका?" ओमप्रकाशनं विचारलं.

सगळं आवार हसलं. फोटोवालासुद्धा! सितारामकाकानं सरांकडं बघितलं, सरांनी छताकडं बघितलं. मग सितारामकाका फुटला. "मला काय म्हनता? सायबांनीच चावी दिली! पुतनीच्या साखरपुड्याला बैठक पाह्यजे, सांच्याला परत ठिवू म्हनले! हे पोरगं मधीच कोठी उघडून बसलं, त्याला मी काय करू?" आणि त्यानं करगोट्याची चावी तोडून टेबलावर आपटली.

मॅडमनी सहीचा कागद टराटरा फाडला.

*

मग कौतुकाला पूर आला. मॅडमनी साडीवरून शाल गुंडाळून भाषण केलं. "अशी बालसभा साऱ्या जिल्ह्यात नाही! केवढा हा न्याय, केवढी ही एकी! तुमच्यासारखी मुलं हेच उद्याचं…" वगैरे. शेठजींनी फोनवरून शाब्बासकी दिली आणि रंगीत चादरी पाठवायचं कबूल केलं. ज्ञानेश्वरीला फुलांचा गुच्छ मिळाला. सरांची बदली जाहीर झाली, पलीकडच्या तालुक्यातल्या बालगृहात. तिथं अजून बालसभा नाही, ती सुरू करायला अनुभवी माणूस हवा होता.

जाण्याआधी सगळे साहेबलोक जेवले. 'ज्याचं ताट त्यानं घासायचं' असा सभेचा नियम होता. मॅडमनी ताट आणि काथ्या हातात घेऊन एक छान फोटो काढला. मग ताट तिथंच ठेवलं.

"आता शेवटचं," गाडीत बसताना त्या म्हणाल्या. "बजरंग इथंच राहणार याचा ज्यांना आनंद झालाय, त्यांनी हात वर करा!"

भराभर हात वर गेले. कालच्यापेक्षा किती लौकर! टाळ्या झाल्या. गाडी गेली.

हात अजून वरच होते. बजरंग त्या हातांकडं बघत होता. निळे तळवे. तेच. एकेकाचा हात आपोआप खाली आला. ओमप्रकाशचा अर्ध्यावर येऊन थांबला, कुठं ठेवावा ते त्याला कळेना.

बजरंगनं गळ्यातली चावी काढली आणि हौदाच्या कठड्यावर ठेवली.

"आबे, असं काय करायलास?" ओमप्रकाश म्हणाला. "तू सुटलास ना! सहल बी जायची हाय. होडीत मी तुझ्याशेजारी बसनार."

"बस की."

"मंग बोल ना काहीतरी. रागावलास?"

"न्हाई."

"आपुनच सोडवलं ना तुला?"

"व्हय," बजरंग म्हणाला. "आन् बांधलं व्हतं बी तुमीच."

अपेक्षा पेटीच्या कडीला बांधलेली रिबन सोडत होती. गाठ इतकी घट्ट होती की सुटेना. ज्ञानेश्वरी मदतीला वाकली. अपेक्षानं तिचे हात बघितले आणि पेटी मागं ओढून घेतली.

"मी सोडते," ती म्हणाली. "तुमच्या हातचा रंग लागतो."

बजरंग उठला. मॅडमचं ताट उचलून नळाखाली धरलं आणि घासायला लागला. पाळी त्याची नव्हती.

त्याच्याशेजारी ओमप्रकाश गुपचूप येऊन बसला. ताटाला त्यानं हात लावला नाही. हौदाच्या खरबरीत दगडावर तो आपले तळवे घासत राहिला, कातडी लाल होईपर्यंत. लालाच्या खालून निळं दिसतच होतं.